वायूचं नाव काय?

भोपाळची ती रात्र आपण सगळ्यांनीच छायाचित्रांतून पाहिली आहे. २ डिसेंबर १९८४ची मध्यरात्र उलटली आणि युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडून झोपलेल्या वस्त्यांवर पसरलं. कारखान्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला आज बोलायचं आहे ते हमीदिया रुग्णालयाबद्दल.

डोळे चोळत, खोकत, धापा टाकत माणसं हमीदियाच्या दारात येऊ लागली. आधी शेकडो, मग हजारो. रात्रपाळीला डॉक्टर मोजकेच. शेजारच्या गांधी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं उठवून आणली गेली आणि ती सकाळपर्यंत राबली. खाटा पुरत नव्हत्या, ऑक्सिजन पुरत नव्हता. पण त्याहून मोठी उणीव होती ती एका शब्दाची. या वायूचं नाव काय आणि त्यावर उतारा कोणता? मी शब्दांत वावरणारा माणूस, औषधातलं मला फारसं कळत नाही. पण एका शब्दावाचून इतका मोठा दवाखाना कसा पांगळा होतो, हे मला तिथे कळलं. कारखान्याच्या बाजूने डॉक्टरांना सांगण्यात आलं की हा अश्रुधुरासारखा त्रासदायक वायू आहे, डोळे पाण्याने धुवा. वस्तीसाठी असलेला भोंगाही थोडा वेळ वाजून बंद झाला होता, कारण किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत अशी तिथली रीत होती. ओला फडका तोंडावर धरा, एवढं तरी कुणी ओरडून सांगितलं असतं!

शब्दाची ती ओढाताण पुढेही चालली. न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात मृतांचं रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसलं आणि सायनाइडचा संशय आला. त्यावरचा उतारा सोडियम थायोसल्फेट. तो द्यावा की न द्यावा, यावर डॉक्टरांत आणि अधिकाऱ्यांत वाद पेटला. आयसीएमआरने त्याच्या वापराच्या सूचना दिल्या, त्या १९८५ उजाडल्यावर. तोवर रुग्ण वाट पाहत होते.

याच्या जोडीला मी टोकियोची हकीकत ठेवतो. २० मार्च १९९५, सोमवार, सकाळी कामावर जायची वेळ. ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन हा विषारी द्रव सोडला. सेंट ल्यूक्स रुग्णालयाला पहिली खबर मिळाली ती स्टेशनात गॅसचा स्फोट झाल्याची. साहजिकच मंडळी भाजलेल्यांची वाट पाहत बसली. आले ते वेगळेच. अंधारून येतंय म्हणणारे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेले. रुग्णवाहिकेतून थोडेच, बाकीचे पायी, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने. त्या एका दिवसात ६४० जण. अग्निशमन दलाने तपासून नाव सांगितलं, तेही चुकीचं: ॲसिटोनायट्राइल. पोलिसांनी सारिन जाहीर केलं तेव्हा अकरा वाजत आले होते आणि रुग्णालयाला ते टीव्हीवरून कळलं.

पण त्याआधीच एक फोन आला होता. मात्सुमोतो गावात १९९४च्या जूनमध्ये याच पंथाने सारिन सोडलं होतं. तिथले रुग्ण पाहिलेल्या शिन्शू विद्यापीठाच्या प्राध्यापक नोबुओ यानागिसावा यांनी टीव्हीवर टोकियोतली दृश्यं पाहिली, लक्षणं ओळखली आणि आपण होऊन टोकियोच्या रुग्णालयांना कळवायला सुरुवात केली. असा फोन कुठल्याही आराखड्यात लिहिलेला नव्हता. हमीदियाला तो कुणी केला नाही.

सेंट ल्यूक्सचे प्रमुख डॉ. शिगेआकी हिनोहारा त्या वेळी ८३ वर्षांचे होते. १९४५च्या टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात जखमींना ठेवायला जागा नव्हती, हे त्यांनी पाहिलेलं. म्हणून १९९२ साली नवी इमारत बांधताना त्यांनी व्हरांड्यांत आणि प्रार्थनामंदिरातसुद्धा ऑक्सिजनच्या नळ्या बसवून घेतल्या. पैसा उधळला अशी टीका झाली. त्या सोमवारी त्यांनी बाह्यरुग्ण विभाग बंद करून सगळं रुग्णालय या माणसांसाठी मोकळं केलं, आणि प्रार्थनामंदिर रुग्णांनी भरून गेलं.

मात्र एक गोष्ट राहिली होती. रुग्णांचे कपडे काढून त्यांना धुवायची सोय नव्हती, आणि प्रार्थनामंदिरात हवा खेळती नव्हती. कोटांत मुरलेलं सारिन तिथे हळूहळू उडत राहिलं. नंतर ४७२ कर्मचाऱ्यांची विचारपूस झाली, तर ११० जणांना स्वतःलाच त्रास झालेला निघाला. प्रार्थनामंदिरात काम करणाऱ्यांत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर होतं. हुद्द्यांप्रमाणे पाहिलं तर डॉक्टरांत २२ टक्के, परिचारिकांत २६ आणि परिचारिकांच्या मदतनीस बायकांत ३९. मला हा शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. रुग्णाला उचलणं, कुशीवर वळवणं, कपडे सोडवणं त्यांच्याकडे असतं.

भोपाळनंतर आपल्याकडे कायदे झाले. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला देणं बंधनकारक झालं, १९९६च्या नियमांनी जिल्ह्याजिल्ह्यांत आपत्कालीन गट आले. तरी १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीला बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला. रुग्णालयात न्याव्या लागलेल्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते.

तारापूर, लोटे, पाताळगंगा इथल्या रुग्णालयांत मदतनीस म्हणजे आपल्या वॉर्डातल्या मावशी आणि मामा. रुग्णाला दाराबाहेरच थांबवून आधी कपडे काढायचे, ते पिशवीत बांधून दूर ठेवायचे, हातमोजे कुठले घालायचे, हे पुस्तकात इंग्रजीत असतं. मावशींना ते मराठीत, हाताने करून दाखवावं लागेल. आणि सराव दिवसाच्या पाळीत उरकून चालणार नाही. हमीदियात लोक आले ते रात्री.