सातपुड्याची रेघ कुठे ओढायची?

सातपुड्याचं नाव निघालं की मेळघाट, तोरणमाळ, पचमढी आठवतात. मोहाडी कुणाला आठवत नाही, आणि त्यात वावगं काही नाही. भंडाऱ्याहून तुमसरला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव धानाच्या बांध्यांत वसलेलं आहे. वैनगंगेचं खोरं इथे पसरट होतं आणि डोंगर पाहायचा तर उत्तरेला आंबागड-गायमुखच्या टेकड्यांकडे नजर टाकावी लागते. तरीही सातपुड्याचं जंगल, तिथली माणसं आणि तिथले देव यांचा इतिहास मोहाडी-आंधळगावसारखी सपाटीवरची गावं वगळून नीट सांगता येत नाही, असं मला वाटतं. डोंगरात आदिवासी राहतात, खाली हिंदू राहतात, वर निसर्गपूजा चालते आणि खाली देवळं असतात, ही वाटणी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की ती अनादि वाटते. वैनगंगेच्या खोऱ्यात ती फार जुनी नाही. ती पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जंगलखात्याच्या नकाशावर आणि खानेसुमारीच्या रकान्यात.

पहिला पुरावा कापडाचा. मोहाडी आणि आंधळगाव ही विणकरांची गावं. इथल्या मागावर सुताबरोबर कोसा चालत आला. कोसा काही तुतीच्या पानावर घरात वाढणारं रेशीम नव्हे. त्याची अळी उघड्या रानात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर वाढते. भंडाऱ्याच्या रानातल्या कोसाकिड्याचा एक वाणच रेशीमशास्त्रात 'भंडारा' या नावाने ओळखला जातो. ही अळी वाढवण्याचं काम प्रामुख्याने धीवरांचं, म्हणजे ज्यांना आपण तळ्यातले मासेमार म्हणून ओळखतो त्यांचं. अळ्या झाडावर सोडल्या की महिनाभराहून अधिक काळ रानातच मुक्काम करायचा, कावळ्या-चिमण्यांना गुलेलीने हाकलायचं, मुंग्या-गांधीलमाश्यांवर नजर ठेवायची, एका झाडाचा पाला संपला की अळ्या असलेली फांदी कापून दुसऱ्या झाडावर बांधायची. या काळात मांस-मद्य वर्ज्य, संसार दूर, असे कडक नेम पाळले जात. एरवी जाळं टाकणारा माणूस रानात शिरताना व्रतस्थ होतो! पुढे बायका उकळलेल्या कोशांतून तार काढून मांडीवर वळतात आणि विणकर तो धागा मागावर चढवतो. करवती काठाच्या साडीची वीण पाहण्यासारखी असते. काठ सुती, अंग कोशाचं, आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. दोन्ही काठांना आणि अंगाला वेगवेगळे धोटे लागतात आणि प्रत्येक फेऱ्यात त्यांचे धागे एकमेकांत अडकवावे लागतात. या साडीत जंगल कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं, हे कुणी सांगावं?

दुसरा पुरावा देवाचा आहे आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे. तुमसर तालुक्यातलं गायमुख हे या भागाचं 'छोटा महादेव'. मोठा महादेव म्हणजे पचमढीचा, चौरागडाचा, जिथे विदर्भातून गेलेल्या लोकांनी वाहिलेल्या त्रिशुळांचे ढीग लागतात. महाशिवरात्रीला गावोगावचे पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, गाणी म्हणत निघतात. ही वर्दळ अलीकडची नाही. 1860च्या दशकात पचमढीच्या जत्रेतून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी खाली मैदानात उतरते, म्हणून इंग्रज सरकारने ती जत्रा काही काळ बंद केली होती. साथ खाली येत होती, कारण माणसं खालून वर जात होती. त्याच सुमारास नागपुरात असलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून गोंडांचा धर्मपुरुष लिंगो याचं गोंडी आख्यान उतरवून घेतलं होतं. 1863 साली हिस्लॉप वारले आणि रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली त्यांचे कागद छापले. त्या कथेत महादेव गोंडांना जन्माला घालतो, त्यांच्या वागण्याला कंटाळतो आणि त्यांना गुहेत कोंडून दारावर शिळा लावतो. पार्वतीला मात्र त्यांचा वास येईनासा होतो आणि ती त्यांच्यासाठी तप करते. अखेर लिंगो त्यांना सोडवतो. हे आख्यान परधानाने हिंदू वळणाचं करून सांगितलं, असा आक्षेप पुढच्या अभ्यासकांनी घेतला आहे. असेलही तसं. पण परधान हा गोंडांचाच भाट होता आणि त्याच्या तोंडी महादेव आला, तो गोंडांचा जनक म्हणून आणि त्यांना कोंडणारा म्हणूनही. शेजाऱ्याशी इतकं खोल भांडण एका अंगणात राहिल्याशिवाय होत नाही.

राज्यकर्त्यांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला, त्याने 1702च्या सुमारास नागपूर वसवलं, आणि त्याच्या घराण्याने पुढेही गोंडांशी सोयरिकी चालू ठेवल्या. आंबागडचा किल्ला त्याच्याच अमलात राजाखान पठाणाने बांधला. या राजाला डोंगरातला म्हणावं की सपाटीवरचा, हा प्रश्न त्याच्या दरबारात कुणाला पडला नसावा. तो पडला 1861 साली मध्य प्रांत झाल्यानंतर. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, 1878च्या कायद्याने त्या घट्ट झाल्या, ऐनाची फांदी तोडणं हा हक्क न राहता परवान्याची बाब झाली. 1901च्या खानेसुमारीत धर्माच्या रकान्यात हिंदूपासून वेगळा असा जडप्राणवादी वर्ग होता, आणि गायमुखाला त्रिशूळ वाहणाऱ्या गोंडाने कुठल्या रकान्यात बसायचं हे गणना करणाऱ्याच्या मर्जीवर होतं.

माझ्या या मांडणीला एक वजनदार हरकत आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत. माघी पौर्णिमेला तिथे कोयापुनेम, म्हणजे गोंडी धर्म, मानणारे लाखो लोक जमतात. लिंगोने गोंडांना सोडवलं ती हीच गुहा, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या मते शंभू वेगळा, पुराणातला महादेव वेगळा, आणि 'सगळं एकच होतं' म्हणणं म्हणजे गोंडांचा धर्म गिळण्याची जुनीच रीत. ही शंका रास्त आहे. मी एकच होतं असं म्हणत नाही. एकत्र होतं म्हणतो, आणि एकत्र असण्यात बरोबरी होती असंही म्हणत नाही. कोशाला भाव कोण ठरवी, रानात महिना कोण काढी आणि नफा कुणाच्या पेढीवर जाई, हे प्रश्न या साडीतही विणलेले आहेत. धीवराला व्रत आणि सावकाराला व्याज, अशीच ती वाटणी होती. पण अन्याय सांगायचा तर आधी संबंध मान्य करावा लागतो. दोन वेगळी जगं होती म्हटलं की कोणी कोणाचं काय घेतलं याचा हिशेबच पुसला जातो. कचारगडची आजची चळवळ त्या हिशेबाचा एक भाग आहे. तिला आपला वेगळेपणा आज मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. तो तीनशे वर्षांपूर्वी याच रेषेवर होता हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

या रेषेची खरी किंमत मोहाडीच्या मागावर बसलेल्यांनी मोजली. हलबा-कोष्टी म्हणवणारे विणकर सांगत आले की आपण मूळचे हलबा आदिवासीच, वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन कोष्टीकाम धरलं एवढंच. अनुसूचित जमातींच्या 1950च्या अनुसूचीत 'हलबा, हलबी' आहे, 'हलबा-कोष्टी' नाही. 28 नोव्हेंबर 2000 रोजी महाराष्ट्र शासन विरुद्ध मिलिंद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अनुसूची जशी आहे तशीच वाचावी, तिच्यात आणखी कोण बसतं याचा शोध घेण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच दिसतं. यादी प्रत्येकाच्या वंशावळीप्रमाणे ताणली, तर खऱ्या हलबांच्या वाट्याचं दुसराच घेऊन जाईल ही भीतीही खोटी नव्हती. पण त्या निकालाने उत्तर दिलं ते यादी कशी वाचावी या प्रश्नाचं. रानातून उतरून मागावर बसलेल्या माणसाची जात बदलते का, आणि बदलत असेल तर कोणत्या पिढीत, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच. 1950ची यादी 1750च्या खोऱ्याचा दाखला म्हणून वाचण्याची चूक न्यायमूर्तींनी केलेली नाही. ती चूक इतिहास लिहिणारेच अधूनमधून करत आले आहेत.