उतरत्या काळातले प्रेक्षक

बडोद्याच्या दक्षिण अंगाला प्रतापनगर आहे. रेल्वेच्या बडोदे विभागाची मुख्य कचेरी इथे आहे, आणि गायकवाडी आगगाडीच्या आठवणी जपणारे एक छोटे संग्रहालयही इथेच आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा अडीच फुटी रुळांचा मार्ग घातला गेला. हिंदुस्थानातला अशा अरुंद रुळांचा हा पहिला मार्ग. सुरुवातीची वर्षे ही गाडी चक्क बैल ओढत असत! पुढे इंजिने आली, मार्ग वाढला, आणि इतरत्र जलद गाड्या धावू लागल्यावरही ही चिमुकली गाडी आपल्या चालीने दीडशे वर्षे चालत राहिली. तिला नावे ठेवणारे आणि तिच्यातच बसणारे लोक बहुधा एकच होते.

नावे ठेवायची आणि सोडायचे मात्र नाही, ही माणसाची जुनी रीत आहे. अमेरिकेत ‘द वॉकिंग डेड’ नावाची, मढी उठून चालू लागल्याची एक मालिका २०१० साली सुरू झाली. २०१४ मध्ये तिचे काही भाग तिथल्या दीड कोटीहून अधिक लोकांनी पाहिले. २०२२ साली १७७ भागांनंतर ती संपली, तेव्हा त्या वेळी पाहणारे उरले होते वीस-बावीस लाख. कथा भरकटली, आवडती पात्रे मारली गेली, तरी हे वीस-बावीस लाख शेवटपर्यंत बसून राहिले. आपल्याकडे कोकणातल्या वाड्यातली ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली आली. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक आणि शेवंता घरोघरी पोहोचले. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात शेवंतेचे काम करणारी नटीच मध्यावर बदलली. ‘आता पूर्वीसारखी राहिली नाही हो,’ असे म्हणत म्हणत लोकांनी तीही पाहिली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांवर भाग चालली, ती काय केवळ कथेच्या बळावर?

हे प्रेक्षक का थांबतात? आळसाने, सवयीने, असे उत्तर चटकन दिले जाते. ते पुरे नाही. या प्रश्नाचा मराठीतला सर्वांत मोठा दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचा एक धागा बडोद्यात आहे. म्हणून तो इथे थोडा उलगडून पाहू.

२३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी सावनेरला वारले. वय अवघे तेहेतीस. त्यांचे ‘एकच प्याला’ तेव्हा रंगभूमीवर यायचे होते. महिना उलटायच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला, तो बडोद्यात. सिंधू बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, चाली सुंदराबाई जाधवांच्या. भरजरी शालूतल्या नायिकेची सवय लागलेल्या प्रेक्षकापुढे बालगंधर्व दरिद्री संसारातल्या साध्या लुगड्यात उभे राहिले. शेवट सुखाचा नाही. नायक, नायिका, मूल, सारेच दारूने गिळलेले. असे नाटक पहिल्या रात्री कसे उतरेल, याची हमी कोण देणार? बडोद्याने ते पाहिले आणि उचलून धरले. सयाजीराव महाराजांचा मंडळीला आश्रय होता हे खरे, पण राजाश्रयाने खुर्च्या भरतात, डोळ्यांत पाणी येत नाही. ते प्रेक्षकाचे स्वतःचे असते.

नारायण श्रीपाद राजहंस हे तेव्हा तिशीत होते. लहानपणी टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटले आणि तेच नाव झाले, असे सांगतात. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत प्रवेश, १९११ साली ‘मानापमान’, १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व मंडळी, १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांच्या चालींचे ‘स्वयंवर’. साडी कशी नेसावी, केसांत गजरा कसा माळावा, हे घरंदाज बायका या पुरुषाकडे पाहून शिकल्या. तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. एकेका पदाला ‘वन्स मोअर’ इतके पडत की नाटक पहाटेपर्यंत चाले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जांभया देणारा कारकून स्वतःला भाग्यवान समजे.

मग उतरण लागली. १९२० सालच्या ‘द्रौपदी’च्या थाटामाटाने पैसा खाल्ला आणि मंडळी कर्जात बुडाली. भागीदार एकेक करून दूर झाले, सगळा भार एकट्या नारायणरावांवर आला. अत्तर अस्सलच हवे, गालिचा उंचीच हवा, या हौसेला कर्जाने लगाम बसला नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये मराठीत ‘अयोध्येचा राजा’. दोन-अडीच तासांत, चार-आठ आण्यांत करमणूक मिळू लागली आणि नाटकगृहांना सिनेमाचे पडदे लागले. १९३३ साली मुंबईत नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्याआधी, १९२९ मध्ये, हिराबाई बडोदेकर भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढून रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. पुरुषाने स्त्री व्हायचे, या कलेचे कारणच संपत आले होते. १९३५ साली बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांचे काम केले, पण कॅमेऱ्यापुढे त्यांचे मन रमले नाही आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

पन्नाशीतले, देह स्थूल झालेले बालगंधर्व सुभद्रा आणि रुक्मिणी होऊन उभे राहत, तेव्हा समोर कोण बसत होते? ज्यांनी त्यांना विशी-तिशीत पाहिले तेच. या प्रेक्षकाबद्दल बरेच विनोद झाले आहेत. मला तो विनोदाचा विषय वाटत नाही. त्याला समोरची सुरकुती दिसत नव्हती असे नव्हे, दिसत होती. पण त्याच्या घरी जुन्या ध्वनिमुद्रिका होत्या, कानात तो आवाज होता, आणि रंगमंचावर एखादी तान पूर्वीसारखी गेली की मधली वीस वर्षे क्षणभर गळून पडत. सबंध रात्रीतल्या त्या चार क्षणांसाठी तो तिकीट काढी. शिवाय शेजारच्या खुर्चीवर आपल्याच वयाचा, तेच आठवणारा कोणी बसलेला असे. मालिका पाहणारेही अशीच सोबत शोधतात. दुसऱ्या दिवशी ज्याच्याशी बोलायचे तो माणूस आहे, म्हणून रात्रीचा भाग पाहायचा.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी गावांत या सोबतीला आणखी एक पदर होता. बेळगाव असो, बिदर असो की बडोदे, दिवसभर बाजारात, कचेरीत दुसरी भाषा बोलणारा माणूस नाटकगृहात शिरला की सहा तास फक्त मराठी ऐके, आणि आपल्यासारखे ऐकणारे किती आहेत हे डोळ्यांनी मोजून घेई. प्रयोग रंगला नाही तरी ही मोजदाद वाया जात नसे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. राजाश्रय संपला, दरबारची मराठी संपली. मग तर ‘आपले’ म्हणून जे उरले ते घट्ट धरून ठेवणे आलेच.

इथवर या निष्ठेचे कौतुक झाले. आता तिची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या मंडळीत आल्या. विजापूर भागातल्या बिळगीच्या या बहिणी; धाकटी अमीरबाई पुढे हिंदी चित्रपटात गायिका म्हणून गाजली. गोहरबाईंनी बालगंधर्वांच्या गायकीचा ध्यास घेतला होता आणि ती गायकी त्यांनी आपल्या गळ्यात तंतोतंत उतरवली होती. त्या नायिका होऊ लागल्या, बालगंधर्व पुरुषभूमिका करू लागले. विचार केला तर हा केवढा सरळ मार्ग होता! काळाला हवी होती स्त्री नटी. गाणे तेच, नाटके तीच. पण निष्ठावंतांना ते मानवले नाही. त्यांना साडीतले बालगंधर्वच हवे होते. मंडळीच्या उतरत्या कळेचे खापर पुष्कळांनी या बाईवर फोडले. ती मुसलमान, कानडी मुलखातली. बोलायला निमित्त हवेच होते.

इतिहासाने मात्र हिशेब वेगळा मांडला आहे. ज्यांनी वैभव पाहिले होते त्यांतले बरेच पांगले. गोहरबाई आल्या त्याच मुळी वैभव ओसरल्यावर. कर्ज, फिरस्तीचे हाल, पुढे नारायणरावांचे अधू झालेले पाय, या सगळ्यात त्या १९६४ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्यांच्याजवळ राहिल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पुण्याच्या ज्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली होती, ते १९६८ साली उघडले, तेव्हा ते नव्हते.

मराठी संगीत नाटकाच्या पडत्या काळात सर्वांत एकनिष्ठ राहिलेली व्यक्ती एक कानडी मुलखातली स्त्री होती, ही गोष्ट आपण दोन भाषांच्या प्रदेशातल्या लोकांनी तरी विसरू नये. भाषेची मालकी जन्माने सांगता येते; तिची सेवा कोण करील ते जन्मावरून सांगता येत नाही. निष्ठावंत प्रेक्षकाने टाळ्यांनी कलावंताला जगवले, हे खरे. त्याच टाळ्यांनी त्याला जुन्या वेषात डांबूनही ठेवले, हेही तितकेच खरे. आणि गंमत अशी की हाच वर्ग १९१९ मध्ये एका अगदी नव्या, कडू नाटकाला सामोरा गेला होता. तेव्हा तो आठवणीतले काही मागत नव्हता. पुढे काय येते ते पाहायला तयार होता.

आज प्रतापनगरात काय, बेळगावात काय, घरोघरी तीच तक्रार ऐकू येते: मुले गुजराती बोलतात, कानडी बोलतात, आमची पदे त्यांना नकोत. २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही हीच चिंता मंडपाबाहेर चहाच्या पेल्याबरोबर फिरत होती. आपण मुलांपुढे ठेवतो काय? बहुतेक वेळा आपल्या तरुणपणीची ध्वनिमुद्रिका. ती सुंदर आहेच. पण तिच्यातला पहिल्या रात्रीचा धोका आपण काढून घेतलेला असतो. मुलाने उद्या गुजराती वळणाच्या मराठीत नाटुकले लिहिले, तर आधी त्याचे व्याकरण तपासू की पहिल्या रांगेत जाऊन बसू? गोहरबाईंना जे मिळाले नाही ते आपण त्याला देणार आहोत का, एवढाच खरा सवाल आहे.

प्रतापनगरच्या त्या अरुंद रुळांचेही शेवटी असेच झाले. इंजिने आणि डबे संग्रहालयात गेले, रूळ रुंद झाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रतापनगरहून केवडियापर्यंत नव्या मार्गावरून गाडी सुटली. डभोई त्याच वाटेवर आहे. जुनी गाडी पाहायला लोक पोरांना घेऊन संग्रहालयात जातात, कौतुकाने हात लावतात, आणि गावी जायचे असले की नव्या गाडीचे तिकीट काढतात.