डालड्याचा डबा

यंदा दिवाळीत नात म्हणाली, "आजी, तुझ्या करंज्या बाबा सांगतो तशा लागत नाहीत गं!" खरंच आहे. पूर्वी मी साट्यासाठी डालडा फेसायची. आता साजूक तूप घेते, तेही मोजून, आणि करंज्या तळायच्या ऐवजी ओव्हनमध्ये भाजते. २००९ साली ह्यांची बायपास झाली, तेव्हापासूनची ही रीत.

शिक्षकी पेशा अंगात मुरलेला, त्यामुळे उत्तर द्यायला बसले ती इतिहासातच शिरले.

डालडा आपल्याकडे आला १९३७ साली. तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन मिसळून ते तुपासारखं घट्ट करायचं, ही त्यातली युक्ती. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत त्यामुळे सणाची पक्वान्नं होऊ लागली, हेही विसरून चालणार नाही. आमच्याकडे तो पिवळा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची!

पण तो डबा उघडायचा कधी? दिवाळीला, नाहीतर लग्नकार्यात. एरवी भाकरी, पिठलं, पातळ आमटी. तेल आई चमच्याने मोजायची. १९७२ च्या दुष्काळात तर रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. आज ज्याला आपण 'हलका आहार' म्हणतो, तोच तो. मात्र आईने तो आरोग्यासाठी केला नव्हता, घरात नव्हतं म्हणून केला होता. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते ती खायची. त्याला पथ्य कसं म्हणू?

पुढे आम्हा दोघांचे पगार सुरू झाले आणि सण रोजचाच झाला. रविवारी पुऱ्या, पाऊस आला की भजी, डब्यात कायम शंकरपाळी. आईला जे देता आलं नाही ते मी भरभरून वाढत होते.

१९९० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की अशा घट्ट केलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटमुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं. आपल्याकडे तेला-वनस्पतीत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणणारा नियम लागू झाला जानेवारी २०२२ मध्ये. मधली बत्तीस वर्षं म्हणजे माझा जवळजवळ सगळा संसार! ह्यांच्या दुखण्याला डालडाच कारण, असं मी म्हणत नाही. सिगारेट होती, बैठी नोकरी होती. तरी वाढणारा हात माझाच होता, हे मनातून जात नाही.

आता कोथिंबीर वडी उकडून तव्यावर चमचाभर तेलात परतते. थालीपीठ, भाकरी परत आली. आई नव्हतं म्हणून तेल मोजायची, मी आहे म्हणून मोजते. पुरणपोळीला मात्र हात लावलेला नाही. ती होळीलाच होते, आणि वर तूप घेऊनच.

असो. नातीसाठी यंदा चार करंज्या तळल्या आणि डबा फडताळात अगदी वर ठेवला. संध्याकाळी पाहते तर तीनच! नात शपथेवर सांगते, तिने हात लावलेला नाही. आणि हे पेपरातून डोकं वर काढत नाहीत.