तिमिरी आणि बारी

मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला वर्षातून एकदा तरी आपला आवाज मोठ्याने ऐकविण्याची हुक्की येते. गणेशोत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या आमच्या येथील लहानशा मंडळाच्या सभेत ती यंदाही आली. विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी पुण्याहून ढोल-ताशांचे पथक आणावे, असा तरुणांचा आग्रह पडला. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की आवाज एवढा मोठा नको, पण चांगला हवा. चिटणीसपणाचे जू आमच्या मानेवर असल्यामुळे खर्चाचा अंदाज काढणे आमच्याकडे आले आणि पथकाच्या प्रवासखर्चाचा आकडा उच्चारताच पुणे आपोआप मागे पडले. अखेरीस आम्ही मैलापुरातील एका वृद्ध नागस्वरवादकांकडे गेलो. बिदागीचा शब्द काढण्यापूर्वी त्यांनी विचारले, "सार, रस्ता किती लांब? आणि ऐकणारे चालणार की बसणार?"

हा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. आवाज मोठा हवा की चांगला, या वादाचा दक्षिणेतील सारा इतिहास त्या दोन वाक्यांत आहे, असे पुढे आमच्या ध्यानी आले. त्यात मराठ्यांचाही थोडा हात लागलेला आहे.

नागस्वर म्हणजे दक्षिणेची सनई, अशी आपली सोपी समजूत असते. दुहेरी पत्ती आणि खाली रुंद होत जाणारी नळी एवढे दोघींत सारखे खरे. तथापि सनईपेक्षा नागस्वर बरेच लांब आणि अंगाने दणकट. त्याचे मूळ काम देवाची स्वारी निघाल्याची वर्दी देणे. मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड रस्ते आहेत. पंगुनी महिन्याच्या उत्सवात त्रेसष्ट नायन्मारांच्या मूर्ती त्या रस्त्यांनी निघतात, तेव्हा पुढच्या कोपऱ्यावरच्या म्हातारीला देव वळला की नाही हे नागस्वराने कळवावयाचे असते. मिरवणुकीच्या आरंभी वाजणाऱ्या रचनेला 'मल्लारी' म्हणतात. नाव प्रथम कानी पडले तेव्हा आम्ही उगाच जेजुरीकडे तोंड करून हात जोडले होते! या मल्लारीला शब्द नसतात. गंभीरनाट रागातील ते सूर तविलच्या घणाघातावर स्वार होऊन गर्दीच्या डोक्यावरून पुढे जातात. आपल्याकडचा नगारखाना, शिंग, तुतारी आणि कर्णा यांचे कार्यही याच जातीचे. पलटणीच्या बिगुलाचेही तेच. बिगुलाच्या सुरात माधुर्य आहे काय, असे कोणी शिपायाने विचारले नसेल. त्याला तो ऐकू आला पाहिजे एवढेच.

या कामासाठी जे नागस्वर वापरात होते त्याला 'तिमिरी' म्हणत. लांबी सुमारे दोन फूट. पट्टी चढी, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी चार ते पांढरी पाच. आखूड नळीचा चढा सूर माणसाच्या कानाला अधिक टोचतो आणि म्हणून दूरवर उमटल्यासारखा वाटतो. उघड्या मैदानात ऐकणारा दुप्पट अंतरावर गेला की आवाज सहा डेसिबलने उतरतो. ही तूट वाजविणारे वाढवून भरून काढू म्हटले, तर दुप्पट माणसे उभी केल्याने केवळ तीनच डेसिबल पदरात पडतात. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटावयाचा असेल तर दहापट माणसे हवीत. ढोलपथकांचा आकार का फुगत जातो, याचे उत्तर या हिशेबात सापडते. पितळी वाद्यांत आणखी एक गोष्ट घडते. कर्ण्यात वा ट्रंपेटमध्ये जोराने फुंकले की सूर नुसता मोठा होत नाही, त्याची जातच बदलते. मूळ सुरावरचे वरचे स्वरांश बळावतात आणि नाद धारदार, पत्र्यासारखा होतो. म्हणजे जोर आणि गोडवा या दोन स्वतंत्र किल्ल्या नाहीत. एक फिरवली की दुसरी आपोआप फिरते.

आता मद्रासच्या किल्ल्याकडे वळू. फोर्ट सेंट जॉर्जमध्ये कंपनीच्या पलटणींचे बँड वाजत. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मणलीच्या मुदलियारांच्या आश्रयाला असलेले दीक्षितर बंधू ते बँड ऐकत. थोरले मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी त्या विलायती धुनींवर संस्कृत शब्द बसविले; अशा सुमारे चाळीस रचना 'नोट्टुस्वर' या नावाने आजही मुलांना शिकवितात. धाकटे बालुस्वामी यांनी एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन आत्मसात केले. त्यांनी ते हनुवटीखालून काढले आणि मांडी घालून, छाती आणि पाऊल यांच्यामध्ये टेकवून वाजविले. परदेशी वाद्य येथे बसले ते असे, आणि बसताच गळ्याच्या बरोबरीने गाऊ लागले.

तंजावरची कथा आपल्याला अधिक जवळची. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे १७९३ साली, वारसाहक्काच्या तंट्यात, मद्रासला राहावयास आले. येथे पाद्री गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. किल्ल्याचा बँड त्यांच्या कानी पडल्यावाचून राहिला नसेल. गादीवर आल्यावर त्यांनी आपल्या दरबारात विलायती धर्तीचा बँड उभा केला. त्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू नृत्यसंगीताची घडी बसवीत होते. त्यांपैकी वडिवेलूने व्हायोलिन उचलले आणि पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडून हस्तिदंती व्हायोलिनचा मान मिळविला. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी लेख पाहावयास आपली मंडळी आवर्जून जातात, मोडी-बाळबोधाची चर्चा करतात, छायाचित्रे काढतात. त्या दरबारात सनदी आणि सुरांची अशी सरमिसळ चालली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १८५५ साली ते राज्य संपले. बँडमधून आलेले क्लॅरिनेट मात्र मागे राहिले आणि नर्तकीच्या साथीस बसले. पुढे तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी त्याला स्वतंत्र मैफलीचे वाद्य केले. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडचा सॅक्सोफोन ऐकून भारावलेल्या कद्री गोपालनाथांनी (१९४९ ते २०१९) तेच त्या वाद्याचे केले.

बँडमधील वाद्ये अशी एकेक करून खाली बसत असताना नागस्वर मात्र उभेच होते. येथे 'उभे' हा शब्द आम्ही अक्षरशः वापरीत आहोत. नागस्वरवादकाने देवापुढे आणि यजमानापुढे उभ्याने, उघड्या अंगाने वाजवावे, वरातीबरोबर मैल-मैल चालावे, अशी रीत होती. गायकाला मंच, गालिचा आणि तंबोरा; नागस्वराला धूळ, दिवट्या आणि 'ओत्तु' नावाचे, एकच सूर धरून ठेवणारे जोडवाद्य. ज्याला चालत वाजवावे लागते त्याच्याकडून मोठ्या आवाजाचीच अपेक्षा केली जाते. आणि मोठाच आवाज काढतो म्हणून त्याला बसावयास कोणी सांगत नाही. या फेऱ्यातून नागस्वर बाहेर काढणारा पुरुष म्हणजे तिरुवावडुतुरैचे टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै (१८९८ ते १९५६).

राजरत्नम् यांनी आधी गायनाचे शिक्षण घेतले होते. गळ्यातून जे निघते ते नळीतून निघत नाही, ही त्यांची तक्रार. चढ्या पट्टीच्या तिमिरीत रागाचा सावकाश विस्तार करता येईना, शिवाय तिचा मध्यम धड शुद्धही नसे आणि धड तीव्रही नसे. फुंकीच्या आणि ओठांच्या कसरतीने तो सांभाळून घ्यावा लागे. कुंभकोणम् नजीकच्या नरसिंगम्पेट्टै या खेड्यात रंगनाथन् आचारी नावाचे कारागीर होते. वादकाची तक्रार आणि सुताराचा हात यांची गाठ पडली. नळी लांबविली, पावणेतीन फुटांच्या आसपास नेली. पट्टी उतरून पांढरी दोन ते काळी दोन यांच्या घरात आली. छिद्रांची जागा पुन्हा ठरविली आणि मध्यम शुद्ध बोलू लागला. हीच 'बारी'. लाकूड 'आच्चा' झाडाचे, तेही जुन्या घरांच्या तुळयांतून काढलेले, पुरते वाळलेले. हा आच्चा म्हणजे आपल्या खानदेशातला अंजन, हे कळले तेव्हा आम्हांस गावचा माणूस भेटल्याइतका आनंद झाला! नरसिंगम्पेट्टैच्या नागस्वराला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

बारीचा आवाज तिमिरीहून कमी टोचतो, आणि भरतो अधिक. राजरत्नम् तिच्यावर तोडी आळवीत, तेव्हा मोठमोठे गवई आपले गाणे विसरून ऐकत, असे जुने श्रोते सांगत आले आहेत. त्यांनी ओत्तूच्या जागी तंबोरा आणला, अंगात कोट घातला आणि गायकाच्या मंचावर गायकासारखे बसून वाजविण्याचा हट्ट धरला. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. आमच्या मते नळीची लांबी आणि तो हट्ट या एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत. सूर सुधारला म्हणून मंच मिळाला, की मंच मागितला म्हणून सूर सुधारावा लागला, हे वेगळे काढता येत नाही. काळही अनुकूल होता. मद्रासला १९३८ साली आकाशवाणीचे केंद्र उघडले होते आणि सभागृहांत ध्वनिवर्धक आले होते. आता दूर पोहोचविण्याचे काम विजेने पत्करले होते.

अमेरिकेत याच वादाचे निराळे रूप दिसते. पहिल्या महायुद्धानंतर तेथील माजी सैनिकांच्या संघटनांनी ढोल आणि बिगुल यांची पथके काढली. त्यांची राष्ट्रीय अजिंक्यपदेही होऊ लागली. प्रेक्षक उंच गॅलरीत, वादक मैदानावर, म्हणून छाती फाटेतो फुंकण्यात भूषण. केवळ 'जी' पट्टीचेच बिगुल हवेत हा नियम २००० साली सैल झाला आणि निराळ्या पट्टीची पितळी वाद्ये आली. नाद अधिक गोल झाला, असे काही म्हणतात. जुने वादक म्हणतात, अंगावर काटा आणणारा तो पहिला तडाखा गेला. दोघेही खरे बोलत असावेत.

कारण तोटा येथेही झाला आहे. तिमिरी आज तमिळ मुलखात क्वचितच दिसते. बारीचे वादक देवळातही बारीच वाजवितात. पण ते वाद्य बसून ऐकण्यासाठी घडविलेले, त्यामुळे मिरवणुकीत मागच्या माणसाला निम्मेच ऐकू येते. मग देवस्थाने ध्वनिवर्धकाची गाडी जोडतात, नाहीतर पितळी बँड बोलावतात. हे बँडवाले ट्रंपेट आणि पडघम घेऊन लग्नात, चर्चच्या मिरवणुकीत, अंत्ययात्रेत चालतात. त्यांना अजून कोणी बसावयास सांगितलेले नाही. त्यांच्यातला एखादा ट्रंपेटवाला कसा वाजवितो हे आम्ही शहरातील लोक जाणतच नाही, कारण तो जवळ आला की आपण खिडकी लावून घेतो. आम्हीही लावली आहे.

असो. आमच्या मिरवणुकीचे सांगावयाचे राहिले. रस्ता जेमतेम अर्ध्या मैलाचा, असे आम्ही वृद्ध वादकांना कळविले. त्यांनी पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेली, वडिलांच्या हातची एक तिमिरी काढली आणि पत्ती ओली करीत म्हणाले, "चालावयाचे आहे ना, मग हीच. पण निघण्याआधी दहा मिनिटे तुम्ही सगळे बसा, बारी ऐकवतो." मंडळाच्या सभासदांनी फाटकाशी सतरंजी अंथरली. ढोलांसाठी अडून बसलेली पोरेही तिच्यावर येऊन बसली, आणि विसर्जनाला आम्हांला चाळीस मिनिटे उशीर झाला.