शाल, सकलाद आणि घोंगडी

ठाणे-कल्याणचा प्रांत लोकरीचा नव्हे. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या व्यापारात कातडी, बकरम व कापूस यांचा उल्लेख केला. कोकणच्या पावसात मेंढरू तग धरीत नाही. तेव्हा लोकरीचा शब्द येथे यावयाचा तो घाट उतरून किंवा परमुलखातून.

घाटावरून आली घोंगडी. दिवाळीनंतर धनगर कल्याण-भिवंडीच्या बाजूस उतरतात, कापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवितात आणि खताच्या मोबदल्यात धान्य घेतात. त्यांच्या राठ, काळ्या लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात. जेन मात्र विणीत नाहीत; लोकर भिजवून, थापून तिचा थर जमवितात. हा भेद आमच्या मध्यमवर्गीय घरांत आज किती जणांस ठाऊक असेल?

संस्कृत कंबलाचे कांबळे झाले हे उघडच आहे. ऊर्णेचे गोत्र त्याहून मोठे. ऋग्वेदात सिंधू नदीला ऊर्णावती म्हटले आहे. लॅटिन 'लाना' व इंग्रजी 'वूल' ही त्याच शब्दाची भावंडे. वेल्श भाषेतील 'ग्व्लान' त्याच कुळातला, आणि फ्लॅनेल हा शब्द बहुधा त्यावरूनच निघालेला. म्हणजे साहेबाची फ्लॅनेलची विजार आणि आमचा ऊर्णनाभ कोळी एकाच घरचे! शाल व पश्मीना फारसीतून आल्या. सकलादही फारसी 'सकलात'ची लेक, आणि इंग्रजी स्कार्लेटचे नाते पंडित तिच्याशीच जोडतात.

ब्लँकेटच्या मुळाशी फ्रेंच भाषेतील 'पांढरे' आहे. काळ्या घोंगडीशेजारी हे नाव बोलके वाटते. ठाण्यात 1925 साली लोकरीची गिरणी निघाली, तिचा आरंभीचा माल अशी स्वस्त ब्लँकेटेच. पुढे 1944 साली ती सिंघानियांकडे गेली आणि रेमंडचे सुटाचे कापड प्रतिष्ठेचे झाले.

प्रतिष्ठेची ही उतरंड भाषेने केव्हाच नोंदविली होती. सभ्य टोमणा शालजोडीतला. रखडलेले काम मात्र भिजत घोंगडे. वास्तविक पावसात शेतकऱ्याच्या डोक्यावर खोळ होऊन भिजते ती घोंगडीच, शाल नव्हे. हा न्याय आम्हांस पटत नाही.

ठाण्याची गिरणी 2009 साली बंद झाली. तिच्या जागेवर आता निवासी इमारती आहेत. धनगरांचे कळप अजून घाट उतरतात, पण मेंढी पाळावयाची ती मुख्यत्वे मांसासाठी. कातरलेल्या राठ लोकरीला गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले आहे.