जुनी छायाचित्रे आणि आपल्या जिल्ह्यातील स्थळे

मंदिराचा जीर्णोद्धार होतो तेव्हा जुने चिरे नव्या गिलाव्याखाली जातात, लाकडी खांबांच्या जागी सिमेंटचे खांब येतात आणि पुढच्या पिढीला देऊळ पहिल्यापासून असेच होते असे वाटू लागते. जुन्या रूपाची साक्ष मग दोनच ठिकाणी उरते. एक वृद्धांच्या आठवणीत आणि दुसरी घराघरांतील ट्रंकांत व तसबिरींमागे पडून राहिलेल्या छायाचित्रांत. आठवण माणसाबरोबर जाते. छायाचित्र मागे राहते खरे. परंतु ते कुठले हे सांगणारा गेला की तेही मुके होते. म्हणून जुन्या छायाचित्रावरून स्थळ ओळखण्याचा छंद वरवर पाहता रिकामपणचा उद्योग वाटला, तरी वस्तुतः ती इतिहासाचीच सेवा होय.

छायाचित्रणकला आपल्या देशात फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेले मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला आणि त्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ साली लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथांचा अभ्यासकांना आजही उपयोग होतो, कारण चित्राबरोबर स्थळाचे नावही नोंदलेले आहे. आपल्या घरांतील छायाचित्रांचे दुर्दैव असे की, चित्र आहे पण नाव नाही.

कधी कधी तर नाव असूनही घोटाळा होतो. याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास आले, त्याचे नाव तेव्हा शेगाव असे होते. बुलढाणा जिल्ह्यातील श्रीगजानन महाराजांचे शेगाव आधीपासूनच प्रसिद्ध. गांधीजींची टपाले तिकडे जाऊ लागली. म्हणून १९४० साली या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. तेव्हा एखाद्या जुन्या छायाचित्रामागे नुसते ‘शेगाव’ लिहिलेले आढळले, तर ते संतांचे शेगाव की बापूंचे, हे चित्रातील खुणांवरूनच ठरवावे लागते. ते बापूंचे ठरले, तर चित्र बहुधा १९४० च्या आधीचे, हाही उलगडा होतो.

सेवाग्रामची छायाचित्रे पाहणाऱ्याची दुसरी चूक अशी होते की, मातीची भिंत आणि कवेलूचे छप्पर दिसले की तो ‘बापूकुटी’ म्हणून मोकळा होतो. आश्रमात आदिनिवास आहे, बा-कुटी आहे, बापूकुटी आहे, आखरी निवास आहे. गांधीजी प्रथम आदिनिवासात राहिले. आजची बापूकुटी मुळात मीराबहेन यांची. तिच्या भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडे आणि ॐ ही तिची ओळख. चित्रात ती दिसली तर शंका उरत नाही. अंगणातील झाडेही बोलतात. गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ एका चित्रात रोप आणि दुसऱ्यात डेरेदार असेल, तर कोणते आधीचे हे शाळकरी मुलगाही सांगेल.

पवनारचेही तसेच. धाम नदीच्या पात्रात १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या रक्षेचे विसर्जन झाले आणि पुढे तेथे छत्री उभी राहिली. नदीच्या चित्रात छत्री असेल तर ते त्या घटनेनंतरचे, हे निश्चित. याच पवनारला विनोबाजी १९३८ साली राहावयास आले आणि आश्रमाच्या जमिनीत खोदताना प्राचीन मूर्ती निघाल्या. त्यांतील भरत-भेटीचे शिल्प विख्यात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे प्रतिपादन केले. नागपूर विद्यापीठातर्फे १९६७ साली तेथे उत्खननही झाले. जमिनीतून निघालेला दगड नंतर भिंतीत बसतो, जागा बदलतो. म्हणून तो मूळ कोठे सापडला हे दाखवणारे एखादे साधे चित्रही पुढे मोलाचे ठरते.

मात्र स्थळ ओळखले म्हणजे काम संपले असे नव्हे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर कोणीही शिखरावरून ओळखील. पण शेठ जमनालालजी बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये ते हरिजनांना खुले केले. चित्र त्या आधीचे की नंतरचे, हे शिखर सांगत नाही. पायऱ्यांवर उभी असलेली माणसे कोण, हे कळले तरच ते सांगता येते. जागेइतकाच काळ महत्त्वाचा आणि काळाइतकी माणसे.

या छंदाला द्रव्य लागत नाही, चिकाटी लागते. चित्रात प्रथम न हलणाऱ्या वस्तू पाहाव्यात: टेकडीची रेषा, नदीचे वळण, विहीर, ओटा, शिखराची घडण. मग सावल्या पाहाव्यात. पूर्वाभिमुख देवळाच्या दर्शनी भागावर ऊन असेल तर वेळ सकाळची. त्यावरून बाकीच्या दिशा लागतात. पाटीवरची अक्षरे उलटी दिसली तर काच उलटी धरून चित्र छापले आहे असे समजावे. मग डावीकडची विहीर उजवीकडे धरावी लागते. मागे महाल आणि कारंजे दिसले तरी हुरळून जाऊ नये, तो बहुधा स्टुडिओतील रंगवलेला पडदा असतो. शेवटी चित्र घेऊन त्या जागी जावे आणि छायाचित्रकार जेथे उभा होता तेथेच उभे राहावे. अर्धी कोडी तेथेच सुटतात.

वृद्धांना विचारताना एक पथ्य पाळावे. ‘आजोबा, हे आपलेच देऊळ ना?’ असे विचारले की ते मान डोलावतात. चित्र हाती देऊन ‘हे काय दिसते?’ एवढेच विचारावे आणि दोघांना वेगवेगळे विचारावे. दोघांचे जुळले तर उत्तम. न जुळले तर दोन्ही मते लिहून ठेवावीत. मागल्या बाजूस मऊ पेन्सिलीने स्थळ, अंदाजे साल, माणसांची नावे आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. शाईने लिहू नये, ती पुढे उमटते. डिंकाने चिकटवूही नये. मोबाईलवर नक्कल जरूर घ्यावी, पण म्हणून मूळ चित्र टाकून देऊ नये.

देवळाला नवे रूप येणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु जुने रूप कसे होते हे सांगता येत नसेल, तर जीर्णोद्धार कशाचा झाला हेही सांगता येणार नाही. तरी गावातील प्रत्येक घराने आपली ट्रंक एकदा उघडावी, सापडलेले चित्र घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसापुढे ठेवावे आणि ते सांगतील ते त्याच दिवशी लिहून घ्यावे. देवळाचे काम पुढच्या वर्षी करता येते. हे काम पुढच्या वर्षी होईलच असे नाही.