चिलापीचा गंध

शिरूरवरून वाहणारी घोड नदी पुढे भीमेला मिळते. दौंडच्या खाली उजनीचा फुगवटा लागतो. तेथे जाळ्यात भरपूर येतो तो चिलापी. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली अन्न म्हणून भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले पुष्कळ जगतात.

जखमी माशाच्या कातडीतले द्रव्य पाण्यात पसरताच बाकीचा थवा पळतो, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी (होय, मधमाश्यांच्या नाचाचेच!) १९३८ मध्ये नोंदवले. चिलापीच्या नराचा गंध मूत्रात असतो. त्यातील रेणू २०१४ मध्ये ओळखले गेले. त्यांच्यामुळे मादीची अंडी पक्व होऊ लागतात. मग हाच गंध सापळ्यात ठेवला तर? अमेरिकेतील मोठ्या सरोवरांत लॅम्प्री या परजीवी माशावर असा प्रयोग झाला आहे. चिलापीला आम्ही संशोधक उपरा म्हणतो खरे. पण उजनीकाठच्या कित्येक मच्छीमारांची चूल आज त्याच्यावरच पेटते.